श्वास कोंडला तरी गाठ का मरत नाही?

कॅन्सरच्या गाठीला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून ऑक्सिजनचे पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या, गाठ आपोआप विरघळेल, अशा अर्थाचा एक संदेश गेली काही वर्षे मोबाईलवर फिरतो आहे. रविवारी विहारात जमणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी तो दाखवून विचारतेच, "हे खरे का?" संदेश सपशेल खोटा असता तर उत्तर एका वाक्यात देता आले असते. पण त्यात एक धागा खरा आहे. कॅन्सरच्या पुष्कळ गाठींत ऑक्सिजन खरोखरच कमी असतो. त्या धाग्यावरून पुढे जो निष्कर्ष काढला जातो तो मात्र उलटा आहे, आणि त्याच्या नादी लागून रुग्णाचे महिने वाया जातात. म्हणून या वेळी आम्ही स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे उदाहरण घेतले आहे, कारण ऑक्सिजनची टंचाई या गाठीत फार तीव्र असते.

स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवी पडलेली सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ग्रंथी. ती दोन कामे करते. अन्न पचवणारा रस तयार करून आतड्यात सोडते आणि इन्सुलिन तयार करून रक्तात सोडते. मधुमेहाशी तिचा संबंध येतो तो या दुसऱ्या कामामुळे. बाबासाहेबांना शेवटच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले हे आपल्या घरांतून सर्वांना ठाऊक आहे, पण इन्सुलिन बनवणाऱ्या अवयवाचे नाव विचारले तर बहुतेक जण यकृत सांगतात. स्वादुपिंड इतके आत दडलेले आहे की डॉक्टरांनाही पोट दाबून त्यातली लहान गाठ हाताला लागत नाही. म्हणूनच हा आजार उशिरा कळतो. निदान होते तेव्हा १०० पैकी जेमतेम १५ ते २० रुग्णांची गाठ शस्त्रक्रिया करण्याजोगी असते. आपल्या देशात या कॅन्सरचे प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा कमी आहे. पण अमेरिकेसारख्या साधनसंपन्न देशातही निदानानंतर पाच वर्षे जगणारे १०० पैकी साधारण १३ आहेत, यावरून आजार किती कठीण आहे ते समजावे.

आता गाठीच्या आत जाऊ. या गाठीत खुद्द कॅन्सरच्या पेशी कमी आणि त्यांच्याभोवती साचलेले चिवट तंतू व इतर पेशींचे दाट कुंपण जास्त असते. काही गाठींत तर १० पैकी ८-९ भाग हे कुंपणच भरते. हे कुंपण कॅन्सरच्या पेशीच आसपासच्या निरोगी पेशींना कामाला लावून उभे करून घेतात. त्याच्या दाबाने बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात. नळाच्या लाइनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरात पाणी कसे येते हे आपल्याला सांगायला नको. टाकी भरलेली असते, मुख्य पाइप भरलेला असतो, आणि टोकाच्या नळाला फक्त सूं-सूं हवा येते. रक्तवाहिनीतून ऑक्सिजन फार तर मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याइतका आत झिरपतो. त्यापलीकडची पेशी कोरडी राहते.

हा नुसता अंदाज नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉक्टरांनी शस्त्रक्रिया चालू असताना ७ रुग्णांच्या गाठीत सुईसारखा मापक घालून ऑक्सिजनचा दाब मोजला आणि २००० साली तो प्रसिद्ध केला. रक्तदाब ज्या पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात त्याच मापात सांगायचे तर शेजारच्या निरोगी स्वादुपिंडात हा दाब २४ ते ९३ च्या दरम्यान होता. गाठीत तो ० ते ५ च्या आसपास होता. एवढ्या कमी ऑक्सिजनवर साधी पेशी गुदमरून मरते. मग ही गाठ वाढते कशी?

याचे पहिले उत्तर आपल्या शरीराच्या जुन्याच व्यवस्थेत आहे. माणूस लेह-लडाखसारख्या उंच ठिकाणी गेला की काही दिवसांत त्याच्या रक्तातल्या लाल पेशी वाढू लागतात. हवा विरळ आहे हे शरीराला कळते कसे, याचा शोध घेताना ग्रेग सेमेन्झा यांना नव्वदच्या दशकात एक प्रथिन सापडले. त्याचे लांबलचक नाव 'हायपॉक्सिया-इन्ड्युसिबल फॅक्टर', थोडक्यात हिफ. हायपॉक्सिया म्हणजे ऑक्सिजनची टंचाई. हिफ आपल्या पेशी सतत तयार करत असतात आणि सतत मोडीत काढत असतात. ऑक्सिजन पुरेसा असेल तर त्याच ऑक्सिजनच्या मदतीने हिफवर एक खूण केली जाते. ती खूण ओळखणारे दुसरे प्रथिन त्याला पकडते आणि काही मिनिटांत त्याचा निकाल लागतो. ऑक्सिजन नसला की खूणच होत नाही. हिफ जिवंत राहते, पेशीच्या केंद्रकात शिरते आणि शेकडो जनुके चालू करते. या शोधासाठी सेमेन्झा, विल्यम केलिन आणि पीटर रॅटक्लिफ यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

म्हणजे हिफ काही वैरी नाही. जखम भरताना, डोंगर चढताना, आईच्या पोटात बाळ वाढताना ते आपल्याच कामी येते. गाठ मात्र तेच हत्यार स्वतःसाठी वापरते. हिफ जागे झाले की पेशी नव्या रक्तवाहिन्या मागवणारे रसायन सोडते. ऑक्सिजनशिवाय साखर जाळायला लागते. ओल्या लाकडाची चूल जशी धूर जास्त आणि धग कमी देते, तसे हे जळण आहे. एका ग्लुकोजच्या रेणूपासून ऑक्सिजन असताना ऊर्जेची सुमारे ३० एकके मिळतात, नसताना अवघी २. म्हणून पेशी साखर भराभर ओढते, आणि धुराच्या जागी आम्ल बाहेर टाकते. त्या आम्लाने आसपासच्या निरोगी पेशी आणि शरीराच्या रक्षक पेशी दुबळ्या होतात. आणखी एक गोष्ट घडते, ती सर्वांत वाईट. पेशी शेजारणीचा हात सोडून हिंडायला मोकळी होते. यकृतात, फुप्फुसात कॅन्सर पसरतो तो अशा हिंडणाऱ्या पेशींमुळे.

दुसरे उत्तर नवे आहे आणि त्यासाठी आरएनए समजून घ्यावा लागेल. कोरोनाच्या काळात हा शब्द सर्वांनी ऐकला. पेशीच्या केंद्रकातला डीएनए म्हणजे कुलूपबंद मूळ दप्तर समजा. त्यातला हवा तो उतारा आरएनएच्या रूपात बाहेर येतो आणि त्यावरून प्रथिन तयार होते. माणसाच्या डीएनएत प्रथिनांची कृती सांगणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. पण त्यांचा प्रथिन सांगणारा मजकूर सगळ्या दप्तराच्या १०० भागांत २ भागही भरत नाही. उरलेल्या भागाला शास्त्रज्ञ अनेक वर्षे कचरा म्हणत. जे आपल्याला वाचता येत नाही त्याला कचरा ठरवण्याची घाई शिकलेल्या माणसांनाही असते! त्यातला सगळाच भाग उपयोगाचा आहे असे आजही कुणी म्हणत नाही, वाद चालू आहे. मात्र त्यातून असे हजारो आरएनए बाहेर पडतात की ज्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, तरी ते काम करतात. यांना प्रथिन न घडवणारे आरएनए म्हणू.

त्यातले सर्वांत लहान म्हणजे मायक्रो-आरएनए, सुमारे २२ अक्षरांचे. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांनी एक मिलिमीटर लांबीच्या एका किड्यात काम करताना त्यांची कामाची रीत उलगडली. ३१ वर्षांनी, २०२४ साली, त्यांना नोबेल मिळाले. मायक्रो-आरएनए प्रथिनाचा उतारा घेऊन निघालेल्या आरएनएला चिकटतो आणि त्याचे तोंड बंद करतो. दुसरे लांब आरएनए, २०० अक्षरांहून मोठे. त्यांची कामे अनेक आहेत, पण एक लक्षात ठेवावे. त्यातले काही स्पंजसारखे वागतात. मायक्रो-आरएनएला ते स्वतःकडे शोषून घेतात, त्यामुळे ज्याचे तोंड बंद व्हायचे ते उघडेच राहते. तिसरे गोल आरएनए, दोन्ही टोके जोडलेली कडीच. टोक नसल्याने पेशीतल्या कातऱ्यांना ते सहज कापता येत नाहीत, म्हणून ते जास्त टिकतात.

ऑक्सिजनची टंचाई आणि हे आरएनए यांची गाठ कुठे पडते ते आता पाहू. हिफ ज्या जनुकांना चालू करते त्यात नुसती प्रथिनांची जनुके नाहीत, या आरएनएंचीही आहेत. मायक्रो-आरएनए २१० हे त्यांतले ठळक उदाहरण. ऑक्सिजन कमी झाला की हिफ त्याला थेट वाढवते, आणि तो पेशीच्या भट्टीचा, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा, एक सुटा भाग बनणे रोखतो. भट्टी मंदावते आणि पेशीची ऑक्सिजनची गरजच कमी होते. भाकरी कमी आहे म्हणून भूकच मारून टाकण्यासारखा हा प्रकार आहे.

स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये 'नोराड' नावाच्या लांब आरएनएचा अभ्यास चीनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये मांडला. कॅन्सरच्या पेशींना कमी ऑक्सिजनमध्ये वाढवले तेव्हा नोराड वाढला. हा नोराड स्पंजासारखा एका मायक्रो-आरएनएला शोषून घेतो. तो मायक्रो-आरएनए एरवी पेशीला हिंडू देणाऱ्या एका प्रथिनाला लगाम घालत असतो. लगाम सुटला की पेशी सैल होऊन निघते. गुदमरलेली गाठ जास्त पसरते ती का, याची एक कडी अशी जुळते.

२०२१ मधला अभ्यास आम्हाला अधिक विचारात पाडणारा वाटतो. गाठीच्या कडेला असलेल्या पेशींना रक्त मिळते, ऑक्सिजन मिळतो. मग त्यांनी तरी औषधाला दाद द्यावी. पण आतल्या गुदमरलेल्या पेशी अतिसूक्ष्म पुड्या बाहेर सोडतात. त्यांना एक्झोसोम म्हणतात. या पुड्यांत एक गोल आरएनए भरलेला आढळला. पुडी कडेच्या पेशीत शिरते, गोल आरएनए तिथल्या एका मायक्रो-आरएनएला अडकवतो आणि शेवटी ऑक्सिजन असूनही त्या पेशीत हिफ टिकून राहते. तीही साखर ओढू लागते, आणि जेमसायटाबिन या नेहमीच्या केमोच्या औषधाला पुरून उरते. म्हणजे टंचाईत शिकलेली विद्या टंचाई नसलेल्या पेशीलाही पोहोचवली जाते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे बहुतेक प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर आणि उंदरांवर झाले आहेत. गाठीची सुरुवात यांच्यामुळे होते असेही नाही. या कॅन्सरच्या १०० पैकी ९० हून अधिक गाठींत 'के-रास' नावाच्या जनुकात बिघाड सापडतो. टंचाई आणि आरएनए त्या बिघडलेल्या पेशीला तगवतात, पसरवतात आणि औषधाशी झुंजायला शिकवतात. यावर नेम धरून औषध काढण्याचे प्रयत्नही झाले. कमी ऑक्सिजनमध्येच जागे होणारे इव्होफोस्फामाइड नावाचे औषध जेमसायटाबिनबरोबर ६९३ रुग्णांत तपासले. २०१५ च्या अखेरीस निकाल आला. आयुष्य किंचित वाढल्यासारखे दिसले, पण तो फरक योगायोगाचा नाही असे ठामपणे म्हणण्याइतका नव्हता. गाठीचे कुंपण मऊ करणाऱ्या दुसऱ्या औषधाचीही मोठी चाचणी २०१९ मध्ये अपयशी ठरली. या आरएनएंवर चालणारे औषध स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी आज दवाखान्यात मिळत नाही. कुणी तसे सांगून पैसे मागत असेल तर तिथून उठावे.

आता त्या मोबाईलवरच्या संदेशाकडे. निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजन आधीच जवळजवळ काठोकाठ भरलेला असतो. बोटाला लावायचे यंत्र ९७-९८ दाखवते ते हेच. गाठीतली टंचाई फुप्फुसात नाही, चेपलेल्या रक्तवाहिन्यांत आहे. टाकी आधीच भरलेली असताना आणखी पाणी ओतून टोकाच्या नळाला ते येणार नाही. आणि पाण्यात मिसळलेला ऑक्सिजन तर पोटातच राहतो, माणूस काही माशासारखा कल्ल्यांनी श्वास घेत नाही. या समजुतीला ऑटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव जोडतात. १९३१ चे नोबेल मिळवलेल्या वॉरबर्ग यांचे गाजलेले निरीक्षण तर असे होते की कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही साखर त्याच अर्धवट पद्धतीने जाळतात. म्हणजे ऑक्सिजन दिला की त्या मरतात, असे त्यातून निघत नाही. आनापानसती जरूर करावी. भीतीने घेरलेल्या रुग्णाचे आणि त्याच्या घरच्यांचे मन त्याने स्थिर होते. ते गाठीवरचे औषध नव्हे.

साखर बंद करून गाठीला उपाशी मारण्याचा सल्लाही असाच. या आजारात वजन आधीच झपाट्याने उतरते. खाणे तोडले तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून साखर तयार करते आणि गाठीला ती मिळतेच, रुग्णाची मात्र केमो सोसण्याची ताकद जाते. मधुमेह असेल तर साखर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे सांभाळावी. बाकी अंडी, डाळ, मासे, दूध, जे पचेल ते थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. शौच तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारी होत असेल तर पाचक रस कमी पडतो आहे. त्यासाठी जेवणाच्या घासाबरोबर घ्यायच्या एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात. डॉक्टर स्वतःहून लिहून देत नसतील तर विचारून घ्याव्यात.

आमच्या मते वस्तीत सर्वांत जास्त वेळ जातो तो काविळीत. यकृतातून येणारी पित्ताची नळी स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागातून आतड्यात उतरते. गाठ तिथे असेल तर नळी दाबली जाते, पित्त तुंबते, डोळे पिवळे होतात. लघवी चहासारखी गडद, शौच पांढरट मातकट, अंगाला खाज. पुष्कळदा ताप नसतो, पोटही दुखत नाही. दुखत नाही म्हणून घरचे निश्चिंत राहतात आणि काविळ उतरवणाऱ्याकडे जातात. तो हातावर आंब्याच्या सालीचा रस चोळतो, चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतो आणि पाणी पिवळे झालेले दाखवतो. काविळ झालेली नसलेल्या माणसाचे हात असे धुतले तरी पाणी तितकेच पिवळे होते. ज्याला शंका असेल त्याने घरी करून पाहावे. साध्या विषाणूची काविळ आपोआप उतरते, त्याचे श्रेय हा माणूस घेतो. गाठीची काविळ उतरत नाही, आणि तीन-चार आठवडे निघून जातात. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचे डोळे दुखण्याशिवाय पिवळे झाले तर त्याच आठवड्यात सरकारी रुग्णालयात रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करावी. सोनोग्राफीत स्वादुपिंड नीट दिसले नाही तर सीटी स्कॅनचा आग्रह धरावा.

गाठ शेपटीकडच्या भागात असेल तर काविळ होत नाही. तिथे खुणा अंधुक असतात. पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारे, आडवे झाल्यावर वाढणारे दुखणे, अन्नावरची वासना उडणे, कारण नसताना वजन उतरणे. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला, घरात आणखी कुणाला नाही आणि वजनही घटते आहे, तर डॉक्टरांना स्वादुपिंडाबद्दल मुद्दाम विचारावे. असा नवा मधुमेह निघालेल्या १०० लोकांत साधारण एखाद्यालाच पुढच्या तीन वर्षांत हा कॅन्सर निघतो, तेव्हा धास्ती घेऊ नये. पण वजन घटत असेल तर हयगयही करू नये. सीए १९-९ नावाची रक्ताची तपासणी निरोगी माणसाने उगाच करून घेऊ नये. ती साध्या काविळीतही वाढते आणि घर हवालदिल होते.

विडी-सिगारेट ओढणाऱ्याला या कॅन्सरचा धोका न ओढणाऱ्याच्या जवळपास दुप्पट असतो. सोडल्यावर तो वर्षांगणिक उतरत जातो. तंबाखू-चुना आणि मशेरी तोंडापुरतीच घातक, असे आपल्या बायाबापड्या समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने धूर न काढणाऱ्या तंबाखूलाही स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे कारण मानले आहे. दारूने स्वादुपिंडाला वारंवार सूज येते, आणि वर्षानुवर्षे राहिलेल्या सुजेतून हा धोका वाढतो.

निदान झालेच तर शस्त्रक्रिया मोठी असते आणि ती अशा शस्त्रक्रिया नेहमी होत असलेल्या ठिकाणीच करावी. परळचे टाटा रुग्णालय त्यांपैकी एक. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशन कार्ड आणि आधार कार्डावरचे नाव जुळते आहे का ते आधी पाहावे, कारण एका अक्षराच्या फरकाने कागद अडतात. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, दाखल होण्यापूर्वी त्याला भेटावे. गाठ काढण्याजोगी नसली तरी तुंबलेल्या नळीत जाळीची नळी बसवून काविळ आणि खाज उतरवता येते, पाठीतल्या दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या देता येतात. मॉर्फिनचे नाव ऐकून घरचे कचरतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यावर घेतलेल्या मॉर्फिनने रुग्ण व्यसनी होत नाही, तो रात्रीचा झोपू शकतो.